ठोक्यानंतरचं

भोपळेवाल्याच्या गाडीपुढे उभं असताना ओरोस्मानच्या तोंडून 'हो' निघून गेलं, आणि निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. विचारणाऱ्या यानिनाने फार काही विचारलं नव्हतं. रविवारच्या बाजारात पुतणी भेटते, थर्मास काखेत, हातात 'माते'चं, कडू पानांच्या चहाचं, भोपळ्याचं पात्र, दुसऱ्या हाताने टोमॅटो दाबून पाहतेय, आणि टोमॅटोवरची नजर न काढता म्हणते, "काका, बाबांचं बोलणं तुझ्याकडे असेल ना? तू टॅबवर त्यांचा ढोल भरून घेत होतास तेव्हाचं." तिचा फोन शुक्रवारी बसमध्ये कुणीतरी हातातून ओढून पळालं होतं. फोन गेला त्याचं तिला काही नव्हतं. पण त्याच्यात बापाचे, दिल्मारचे, निरोप होते. निरोप म्हणजे तरी काय, येताना पाव आण, टीव्ही परत बिघडला, तुझा काका फोन उचलत नाही, मेला की काय बघ. बेकरीतली दुपारची पाळी संपली की ती त्यातला एखादा लावून ऐकायची. हे तिने हसत सांगितलं, ती सगळंच हसत सांगते, बापासारखी. "आणि बाबा काय दोन ठोक्यांच्या मध्ये गप्प बसणारा माणूस होता?" ती म्हणाली. ओरोस्मानही हसला. मग म्हणाला, हो, असणार. असणार नव्हे, आहे. तीन राजांच्या सणादिवशी दुपारी येते मग, ती म्हणाली. त्या संध्याकाळी वस्तीच्या कोपऱ्यावरून ढोल निघायचे होते आणि या वर्षी बापाचा चिको, तो लहान ढोल, तिच्या खांद्यावर असणार होता. "आधी त्यांना ऐकते, मग वाजवते," असं म्हणून तिने त्याच्या गालाला गाल लावला आणि गर्दीत निघून गेली. भोपळेवाल्याने अर्धा भोपळा कागदात गुंडाळून पुढे केला, तेव्हा तो आपण मागितला होता का, हेही ओरोस्मानला आठवेना.

घराकडे चालताना ऊन डोक्यावर होतं आणि फुटपाथवर झाडांच्या सावल्या आखडून बुंध्याशी जमल्या होत्या. त्याला ठाऊक होतं की काही नाही. हे त्याला भोपळेवाल्यासमोरही ठाऊक होतं. म्हणजे डोक्याला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत मुलांना गाणं शिकवलेला माणूस, मुलाने काही विचारलं की आधी 'हो' म्हणायची त्याच्या जिभेला सवय. हो, जमेल तुला. हो, बस. परत. ढोल भरून घेतानाच्या त्या लांबलचक ध्वनिफिती त्याने वसंतात पुसल्या होत्या. दिल्मार जाऊन फार दिवस झाले नव्हते. निवृत्त लोकांना सरकारने वाटलेला तो टॅब, त्याच्या पोटात जागा ती किती. एका सकाळी पडद्यावर आलं की जागा उरली नाही. ठोके सगळे कापून, धुऊनपुसून वेगळे ठेवलेले होते. उरला होता तो चोथा, असं त्याला तेव्हा वाटलं; ऊस पिळल्यावर राहतो तसा. त्याने सगळ्या फितींवर खूण केली. टॅबने विचारलं, नक्की ना? तोही मुलांना असंच विचारायचा, उत्तर बरोबर असलं तरी विचारायचा, म्हणजे मूल क्षणभर थांबून स्वतःकडे बघतं. तो स्वतः थांबला नव्हता. नक्की, म्हणून त्याने बोट टेकवलं, आणि उठून मातेसाठी पाणी ठेवलं होतं. पाणी उकळू द्यायचं नसतं, पान जळतं, एवढं मात्र त्याने लक्ष देऊन पाहिलं होतं.

टॅबवर वाजवायच्या ठोक्यांचा तो संच करायचं त्याच्या मनात आलं ते मुलांमुळे. शहराच्या टोकाला, जिथे बसचा शेवटचा थांबा असतो, तिथे या चार मजली वसाहती आहेत. गावाच्या जुन्या भागातलं मोठं घर, चाळीस बिऱ्हाडांचं, सैनिकी राजवटीत पाडलं तेव्हा तिथली माणसं अशी टोकाटोकाला फेकली गेली. त्या जुन्या घराच्या अंगणात धुण्याच्या टाक्या होत्या आणि भिंतीला टेकवलेले ढोल होते. इथे भिंती पातळ आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी नेहमी रात्रपाळी करून झोपलेलं. वसाहतीच्या सभागृहात गुरुवारी दुपारी मुलं जमायची, पण ढोल वाजवायला बंदी. मुलांकडे शाळेचे टॅब होते. त्यावर चौकोन असतात, चौकोनावर बोट मारलं की आवाज. पण त्यातले ढोल दुसऱ्याच कुठल्या देशातले, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे. ओरोस्मानने ठरवलं की या पोरांच्या बोटाखाली आपला ढोल यायला हवा. तीन ढोल असतात आपले. खर्जातला मोठा जमीन देतो, मधला बडबड करतो, आणि सगळ्यात लहान तो चिको. चिको पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकच गोष्ट म्हणत राहतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण तो थांबला की सगळे आंधळ्यासारखे होतात. दिल्मार चिको वाजवायचा. बंदरावरची नोकरी, बायको गेली ते वर्ष, छातीचा आजार, सगळ्यातून तो तेच एक म्हणत आला होता. गल्लीतले लोक म्हणायचे, घड्याळ लावायचं तर दिल्मारच्या हातावर लाव.

मागच्या हिवाळ्यात, दिल्मारच्या घरामागच्या तेवढ्याशा अंगणात, ओरोस्मान दुपारी टॅब घेऊन जायचा. डॉक्टरांनी यानिनाला जे सांगायचं ते सांगितलं होतं आणि तिने काकाला सांगितलं होतं. दिल्मारला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. फळांच्या पेट्यांच्या फळ्या मोडून आणि जुनी वर्तमानपत्रं घालून आग करायची, चिको तिच्याकडे तोंड करून आडवा टेकवायचा. आग दिल्याशिवाय आपला ढोल बोलत नाही. चामडं तापतं, ताणतं, आणि मग उचलून एक थाप दिली की काचेसारखा आवाज येतो. पण ते टिकत नाही. हिवाळ्यात तर अजिबात नाही. नदीवरून वारा येतो, चामडं गार होतं, आवाज हळूहळू बसायला लागतो. मिरवणुकीत सगळेच ढोल एकदम बसतात म्हणून कळत नाही, कुठल्यातरी कोपऱ्यावर थांबून परत आग करायची. ओरोस्मानला ठोका हवा होता तो आगीवरून नुकता उतरलेला. लहानपणापासून तोच खरा ढोल, असं ऐकत आलेला माणूस दुसरं काय मागणार. आणि एक ठोका पुरत नाही. तोच तो ठोका परत परत वाजला की कानाला लगेच कळतं, हे यंत्र आहे. म्हणून प्रत्येक ठोक्याची भावंडं लागतात, चेहरे सारखे पण जुळी नव्हेत. हाताची थाप मधोमध, हळू, मध्यम, जोरात. काठी चामड्यावर. काठी लाकडावर. प्रत्येकाची आठ-दहा भावंडं, आणि सगळी चामडं गार व्हायच्या आत.

म्हणजे घाई. त्या घाईत दिल्मार बोलायचा. एक थाप देऊन तो आवाज अजून हवेत असतानाच म्हणायचा, "मास्तर, तुला आठवतं का..." धाकटा भाऊ असून तो दादा कधी म्हणाला नाही, ओरोस्मान शिक्षक झाला त्या दिवसापासून आधी चिडवायला आणि मग सवयीने, मास्तर. ओरोस्मान बोट वर करायचा. वर्गात करायचा तसं, रागावून नव्हे, फक्त एक बोट, ओठांपर्यंतही न नेता. त्या बोटाचा चाळीस वर्षांत कुणाला त्रास झाला नव्हता. दिल्मार गप्प व्हायचा आणि डोळ्यांनी हसायचा. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी खाली शांत झाली की ओरोस्मान म्हणायचा, "परत." दुसरी थाप. मग खोकला. खोकला संपेपर्यंत थांबायचं, तोवर चामडं गार. परत आग, परत फळ्या. एकदा धुराने दिल्मारला एवढी ढास लागली की तो खाली पेटीवर बसला, आणि बसूनच म्हणाला, "होऊ दे की गार. गार झाला म्हणून काय ढोल नाही का तो?" ओरोस्मानने त्याच्या पाठीवर हात फिरवला होता. हात फिरवताना त्याची नजर टॅबवर होती, खोकला भरून घेतला जातोय आणि जागा खातोय, म्हणून. हे त्याला आता आठवतं. तेव्हा ते घडलं की नाही हेही त्याने पाहिलं नव्हतं. पण कुठेतरी ते भरून घेतलं गेलं होतं, आणि ते पुसायला कुठे बोट टेकवायचं ते माहीत नाही.

मग दिल्मार रुग्णालयात होता तेव्हाचे ते दिवस. भेटायची वेळ संपली की घरी येऊन ओरोस्मान ठोके कापत बसायचा. त्यात त्याला बरं वाटायचं, हे सांगायला त्याला लाज वाटत नसे. पडद्यावर ठोका दिसतो तो झाडासारखा, एकदम उभा, मग उतरत जाणारा. झाडाच्या नेमकं आधी कात्री लावायची, केसभरही आधी नाही, नाहीतर बोट मारल्यावर आवाज उशिरा येतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. मग झाड उतरत उतरत जिथे जमिनीला मिळतं तिथे दुसरी कात्री. त्याच्यापुढे जे दिसायचं ते गवत. बुटकं, दाट, मध्ये विरळ, परत दाट. ते दिल्मारचं बोलणं. त्याने ते ऐकलं नव्हतं. कापायला ऐकावं लागत नाही, दिसलं की पुरतं. किती दुपारी त्याने असं गवत कापलं असेल. आज डोळे मिटले तर त्याला एकेका ठोक्यामागचं गवत दिसत होतं, मोठ्या थापेच्या तिसऱ्या भावंडामागे कसं लांबलचक होतं आणि शेवटी तीन उंच पाती, ते दिल्मारचं हसणं असणार. आकार सगळे होते. बोलणं एकही नव्हतं.

संच झाला तेव्हा मुलं वेडी झाली होती. मिलाग्रोस नावाची मुलगी आहे, चौथीतली, दोन वेण्या, बोटं अशी की काचेवर पडली की काच मऊ वाटावी. तिच्या हाताखाली चिको असा चालायचा की ओरोस्मानला सभागृहाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं होतं. त्याने मुलांना सांगितलं, हा माझ्या भावाचा हात आहे. मुलांनी ते लगेच मान्य केलं, मुलं अशा गोष्टी लगेच मान्य करतात. वर्ष संपताना, शेवटच्या गुरुवारी, बराच वेळ वाजवून झाल्यावर मिलाग्रोसने विचारलं होतं, "मास्तर, हा ढोल दमत नाही का?" म्हणजे काय, त्याने विचारलं. ती म्हणाली की तिच्या आजोबांचा ढोल वाजवता वाजवता बसत जातो, मग ते थांबतात आणि आगीपाशी जाऊन गप्पा मारतात. याला थांबावंच लागत नाही. बाकीची मुलं हसली. ओरोस्मानने तिला शाबासकी दिली, किती छान ऐकलंस म्हणाला, आणि फळ्यावर काढून समजावलं की प्रत्येक ठोका आगीवरून उतरल्या क्षणीचा आहे. समजावून झाल्यावर त्याला वाटलं होतं की आपण फार मोठी गोष्ट केली. भाऊ गेला, पण त्याचा ढोल आता कधी गार होणार नाही. हे वाक्य त्याने मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं होतं, कुठेतरी बोलायला येईल म्हणून.

सोमवारी त्याने संचातला प्रत्येक ठोका उघडून त्याच्या शेपटीकडे पाहायला सुरुवात केली. कापणाऱ्याचा हात कितीही सवयीचा असला तरी कुठेतरी चुकतो, या आशेवर. शाळेत नीटनेटकेपणाबद्दल त्याचं कौतुक व्हायचं. आता तो स्वतःच्या कामात गबाळेपणा शोधत होता आणि सापडत नव्हता. झाडामागून झाड, स्वच्छ, जमिनीला मिळालेलं, पुढे काही नाही. बाहेर सुट्टीतली पोरं जिन्यात ओरडत होती, वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, उकाड्याने टॅबची काच बोटाला चिकटत होती. अधूनमधून त्याला वाटायचं की यानिनाला फोन करून सांगून टाकावं. फोन करावा, नाही म्हणावं, ती म्हणेल, असू दे काका. ती नक्की म्हणेल. तेच त्याला नको होतं. मंगळवारी दुपारी, हळू थापेच्या कुठल्यातरी भावंडात, झाड उतरून संपतं तिथे त्याला एक खुंट दिसला. गवताचा एक खुंट, कापलेला. त्याने मागचा ठोका पुसट करून तेवढाच वाजवला. टिचकीएवढं काहीतरी आलं. पण ते चामडं नव्हतं, लाकूड नव्हतं. त्यात गळा होता.

तो उठून खिडकीपाशी गेला, परत आला, परत वाजवला. माणूस. शब्द नव्हे, शब्दाचा एक तुकडा, आणि त्याचीही सुरुवात नव्हती. त्याने तो संथ केला. दुप्पट संथ, मग आणखी. संथ केला की आवाज लांब होतो आणि खालीही उतरतो, जड होतो, छातीत जातो. आणि तिथे, त्या खाली उतरलेल्या आवाजात, दिल्मार होता. शेवटच्या हिवाळ्यातला दिल्मार, धुराने घसा बसलेला, काहीतरी म्हणायला लागलेला. ओरोस्मान खुर्चीत बसून राहिला. मग त्याने तो तुकडा एका रिकाम्या चौकोनावर ठेवला, त्याच्या कडा मऊ केल्या, मागची घरघर कमी केली. भावाला सावकाश आंघोळ घालतोय असं त्याला वाटलं, आणि हे वाटलं त्याचं त्याला बरंही वाटलं. त्या दुपारनंतर तो कुणाशी फारसं बोलला नाही. चौकोनावर बोट ठेवायचं, ऐकायचं. दर वेळी तो आवाज जरा जास्तच दिल्मारचा व्हायचा. काय म्हणतोय ते कळत नव्हतं. पण म्हणतोय आपल्याला, एवढं कळत होतं.

राजांच्या दिवशी सकाळी जिन्यात प्रत्येक दारापाशी मुलांनी ठेवलेली खोकी होती, बुटांची, त्यात रात्री भेटी घेऊन येणाऱ्या राजांच्या उंटांसाठी उपटून आणलेलं गवत आणि शेजारी पाण्याची वाटी. काही गवत रात्रीतून हललं होतं, आईबापांनी हलवलेलं, उंटांनी खाल्ल्यासारखं. ओरोस्मान जपून पाय टाकत पाव आणायला गेला आणि जपून पाय टाकत वर आला. बाळ येशूला पाहायला आलेल्या तीन राजांपैकी तिसरा, बाल्तासार, आपल्यासारखा काळा. त्याच्यासाठी आपले ढोल निघतात. दुपार कलता यानिना आली ती खांद्यावर चिको, हातात बेकरीतल्या गोड पावांची पुडी, कपाळावर घाम. ढोल तिने खुर्चीवर ठेवला, माणसाला बसवावं तसा. त्याची पिवळी-निळी रंगाची पट्टी जिथे दिल्मारची मनगटं घासायची तिथे उडालेली होती. तिने माते केलं, पहिला कडू घोट स्वतः घेतला, दुसरा काकाला दिला, आणि कुठे गेलं-आलं, कुणाच्या मुलीला राजांनी सायकल आणली, असं बोलत राहिली. मग मांडीवर हात पुसून म्हणाली, "लाव."

थोडंसंच आहे, तो म्हणाला. एवढंच मिळालं, म्हणाला. बाकीचं खराब झालं. 'खराब झालं' हे त्याने आधीपासून ठरवून ठेवलं होतं. तिने मान हलवली आणि डोळे मिटले. त्याने चौकोनावर बोट ठेवलं. संथ, जड आवाज खोलीत आला आणि विरला. तिचा चेहरा त्याने पाहिला. लहानपणी शाळेत पहिल्या बाकावर बसायची तेव्हा नवीन गाणं ऐकताना व्हायचा तसा, कपाळ जरासं पुढे.

"परत," ती म्हणाली.

त्याने परत वाजवलं. आणखी एकदा. मग तिने डोळे उघडले. "एवढं ओढून का? बाबा असं नव्हते बोलत. आहे तसं लाव ना."

आहे तसं फार लहान आहे, त्याने सांगितलं, कळणार नाही. लाव तू, ती म्हणाली. त्याने वेग होता तिथे आणला. हे त्याने स्वतः मंगळवारपासून केलं नव्हतं. कशाला करायचं, असं वाटलं होतं, किंवा तसं वाटून घेतलं होतं. बोट टेकलं. टिचकीएवढं ते आलं आणि गेलं. यानिना हलली नाही. तिने स्वतःच हात लांब करून चौकोनावर बोट मारलं, एकदा, दोनदा. बाहेर कुणीतरी फळ्या मोडत असल्याचा आवाज येत होता.

"काका, हा तू आहेस," ती म्हणाली.

ती हळू आवाजात बोलत होती, मुलाला समजवावं तशी. "शाळेत तू असंच म्हणायचास आम्हाला. परत, परत. मी झोपेतसुद्धा ओळखीन." तिने आणखी एकदा बोट मारलं, आणि या वेळी त्यालाही ऐकू आलं. इतकं स्वच्छ की आधी कसं ऐकू आलं नाही याचंच नवल वाटावं. शांत, न रागावलेला, धीराचा आवाज. चाळीस वर्षांतल्या कितीतरी मुलांनी ज्या आवाजाच्या आधाराने सूर लावला तो. त्या आवाजाने धुरात बसलेल्या माणसाला सांगितलं होतं की परत, आणि माणसाने परत थाप दिली होती, आणि माणूस कापून टाकून आवाज तेवढा राहिला होता.

यानिनाने त्याला सगळं कुठे गेलं ते विचारलं नाही. तिला कळलं असावं. टॅबकडे, मग त्याच्या बोटांकडे पाहून ते कुणालाही कळलं असतं. तिने मातेत पाणी ओतलं, पात्र हातात धरून ठेवलं, प्याली नाही.

"बरं, ते काय बोलायचे, ते तरी सांग," ती म्हणाली. "तू होतास ना तिथे."

तो होता. त्याने आठवायचा प्रयत्न केला, म्हणजे सगळ्या अंगाने केला. त्याला आग आठवली, फळ्यांवरची केळ्यांची चित्रं जळताना आठवली, हिरवी पट्टी वरखाली होताना आठवली. "तो म्हणायचा..." ओरोस्मान म्हणाला, "तो म्हणायचा, मास्तर, तुला आठवतं का."

"काय?"

"आई... एकदा म्हणाला, मास्तर, आईने त्या दिवशी टाकीतून..."

"टाकीतून काय?"

तिचे डोळे बापासारखे होते, पण हसत नव्हते. त्याला आणखी आठवत होत्या त्या अशाच सुरुवाती, एकामागून एक, दारापर्यंत आलेली माणसं. मास्तर, बंदरावर एक होता ना. मास्तर, यानिना झाली त्या रात्री. हे शेवटचं तिला सांगावं की नाही हे ठरायच्या आत त्याच्या तोंडून ते गेलं, आणि तिने पात्र टेबलावर ठेवलं.

"मी झाले त्या रात्री काय?"

"मी बोट वर केलं," ओरोस्मान म्हणाला.

ती उठली, खिडकीतून खाली डोकावली. आग पेटलीय, म्हणाली. ढोलाचा पट्टा खांद्यावर घेतला, तो नीट केला, आणि दारापाशी वळून म्हणाली, "जेवलायस ना दुपारी? ते पाव खा, उद्यापर्यंत राहायचे नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता. त्याने तो शोधला, सोमवारपासून शेपट्या शोधत होता तसा, आणि कुठेच नव्हता. दार तिने हळू ओढून घेतलं. जिन्यात ती खोकी टाळत उतरताना तिची पावलं थांबत-थांबत येत होती.

तो खिडकीत गेला नाही. खुर्चीतूनच त्याला कळत होतं. आगीभोवती माणसं जमली, कुणीतरी कुणाला तरी तुझा ढोल तुझ्यासारखाच फुगलाय म्हणालं, सगळे हसले, एक मूल रडायला लागलं, कुणीतरी थाप देऊन पाहिली आणि नाही अजून, म्हणालं. मग सगळं एकदम उठलं. खर्जातला मोठा, मधला, आणि पहिल्या काही पावलांनंतर तो, चिको, जरासा अडखळत, मग धरलेला. यानिनाचा हात बापासारखा नव्हता. पुढे रेटणारा होता, तरुण. ढोल वसाहतीला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागले. तो ऐकत राहिला. उन्हाळ्याच्या दमट हवेत ते हळूहळू बसत गेले, सगळे एकदम, आणि लांबच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर थांबले. आता ते तिथे आग करतील. ढोल आगीकडे तोंड करून ठेवतील आणि मध्येच उभे राहून बोलतील. या वेळात काय बोलतात ते त्याला या जन्मात लक्षात राहिलेलं नव्हतं. हा वेळ त्याला नेहमी ढोलांचा थांबलेला वेळ वाटत आला होता.

टेबलावरचा टॅब विझत आला होता. त्याने काचेला स्पर्श केला तसे चौकोन उजळले. त्याने दिल्मारच्या मोठ्या थापेवर बोट ठेवलं, त्या तिसऱ्या भावंडावर, ज्याच्यामागे ते लांबलचक गवत होतं आणि शेवटी तीन उंच पाती. ठोका आला. आगीवरून या क्षणी उतरलेला, ताणलेला, काचेसारखा. उतरत उतरत जमिनीला मिळाला. ओरोस्मान मान जराशी पुढे करून थांबला, मूल काहीतरी सांगणार असलं की तो थांबायचा तसा. ठोक्यानंतर जे होतं ते त्याने स्वतःच्या हाताने केलेलं होतं, आणि त्यात कुठेही चूक नव्हती.